महिपतराव काय बोलले

महिपतरावांना कोणी विचारलं, "आपण काय करता?" तर ते म्हणायचे, "काही नाही हो, कंपनीत जातो आणि दिवस ढकलतो." हे दिवस ढकलणारे गृहस्थ ग्वाल्हेरबाहेरच्या आमच्या कूलरच्या कारखान्यात डेव्हलपमेंट खात्याचे प्रमुख होते. नवा कूलर कसा असेल, पंखा केवढा, टाकी केवढी, पाणी कुठून चढेल आणि कुठून उतरेल, हे सगळं ते ठरवायचे. झाशीपासून कोट्यापर्यंत मे महिन्यात ज्यांना दुपारी झोप लागायची, त्यांतल्या निम्म्यांनी तरी यांचे आभार मानायला हरकत नव्हती. पण हे सांगतील तर ना!

ही खोड एकट्या त्यांची नव्हे. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला ती दरबारापासून लागलेली आहे. आपल्या तोंडाने आपलं काम सांगायचं नाही. ते वरच्याने ओळखायचं आणि चार लोकांत बोलून दाखवायचं. दरबार गेला, ओळखणारा वरचाही गेला, पण आमची मान खाली ती खालीच. शिंदे की छावनीत महिपतरावांच्या घरी जेवायला गेलं आणि मटणाची तारीफ केली, की त्यांच्या पत्नी विजयाबाई म्हणणार, "कसलं हो, आज तर बिघडलंच." आणि बाई दोन दिवस आधीपासून मसाला भाजत बसलेल्या असायच्या. आमच्या गोरखीतल्या घरात मटण नव्हतं, पण पुरणपोळी रोज नव्याने बिघडायची. मग पाहुण्याने "छे छे, उत्तम झालंय" म्हणायचं आणि यजमानाने लाजायचं. दोघांनाही हा खेळ येत असला म्हणजे झालं.

मी सुनंदा. त्या खात्यात ड्राफ्ट्समन होते. बाई असले तरी हुद्दा ड्राफ्ट्समनच. महिपतराव कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने जे खरडायचे, त्याचं रीतसर ड्रॉइंग करायचं हे माझं काम. आधी बोर्डावर केलं, मग कॉम्प्युटरवर शिकून केलं. माझं अक्षर चांगलं, हे एवढं मी सांगते. कोणीतरी सांगायला हवं.

आणि दौलतसिंह, ज्याच्याशिवाय महिपतरावांची गोष्ट सांगताच येत नाही. तोही छावनीतलाच. दोघांचे पणजोबा एकाच पागेत घोडेस्वार होते म्हणे. महिपतरावांनीच त्याला कंपनीत आणलं आणि गच्ची त्याच्या हवाली केली. दरवर्षी एप्रिलच्या मध्यापासून पन्नास दिवस गच्चीवर नव्या नमुन्याचे आठ कूलर चालायचे आणि दौलतसिंह त्यांच्यामध्ये पंचा डोक्यावर टाकून बसायचा. ते कूलर तो कंपनीच्या पुस्तकात दाखवतात तसे नीट ठेवत नसे. लोक ठेवतात तसे ठेवायचा: दोन विटांवर, एका अंगाला कललेले, एखाद्याचं झाकण सुतळीने बांधलेलं. टाकीत पाणी बोअरचं, खारट. दर दोन तासांनी तो हवा किती गार येते ते मोजायचा, पंपाला कान लावायचा, गवताच्या जाळीवरून हात फिरवून कुठे कोरडं राहिलंय ते बघायचा आणि रजिस्टरात हिंदीत दोन ओळी लिहायचा. पन्नास दिवसांत खाराचा पांढरा थर चढायचा, तेव्हा कुठे कूलरचे खरे गुण बाहेर यायचे.

सत्त्याण्णव साली असाच तो खाली आला आणि म्हणाला, "रावसाहेब, आज जरा झटका बसला." जरा! अनवाणी उभा होता, हात काळा पडला होता. टाकी भरली की पाणी बंद करणारा बॉल खाराने अडकून पाणी वरून वाहिलं होतं आणि वायरच्या कडेने सरळ मोटरवर उतरलं होतं. नव्या कूलरला असं कधीच झालं नसतं. चाळीस दिवस झाल्यावरच झालं. महिपतरावांनी तो अख्खा नमुना थांबवला. मी पंधरा दिवस नवी ड्रॉइंग काढली आणि टाकीला अशी एक ओठासारखी कड दिली, की पाणी वाहिलं तर बाहेरच पडावं. त्या कडेमुळे किती घरांतली पोरं वाचली हे कोणी मोजलं नाही. कंपनीचे मालक सेठजी, त्यांनी विचारलं, "इतना टाइम क्यों लगा?" महिपतराव म्हणाले, "बस, थोड़ी सुस्ती हो गई."

दोन हजार सहा साली सेठजींनी कंपनी पुण्याच्या एका मोठ्या कंपनीला विकली. मग तो शब्द आला, इंटिग्रेशन. पुण्याचं डेव्हलपमेंट खातं आणि आमचं खातं मिळून एक व्हायचं होतं. आम्ही अकरा जण होतो. सहा उरणार, असं जिन्यात ऐकू येत होतं.

हे जमवायला पुण्याहून आठल्ये नावाचे साहेब आले. वय पस्तीस असेल, बोलणं मऊ, चहा बिनसाखरेचा. पहिल्याच दिवशी ते आमच्याशी मराठीत बोलले आणि महिपतरावांचा चेहरा असा उजळला, की मुलीचं लग्न ठरलंय असं वाटावं. "सुनंदाबाई, सत्तावीस वर्षं हिंदीत हांजी हांजी केलं," मला म्हणाले. "आता आपल्या भाषेत बोलता येईल. हा आपला माणूस आहे नं. याच्यापासून काही म्हणजे काही लपवायचं नाही." त्याच रविवारी साहेबांना छावनीत जेवायला बोलावलं. विजयाबाई म्हणाल्या, मटण बिघडलंय. आठल्ये म्हणाले, "हो, जरा तिखट झालंय, पण चालेल." त्या माउलीचा हात पातेल्यातच राहिला. आम्ही तिथेच शहाणं व्हायला हवं होतं. महिपतराव मात्र मला रिक्षापर्यंत सोडायला आले तेव्हा सांगत होते, "बघा, किती मोकळा माणूस आहे."

आठल्ये जे शिकवायला आले होते त्याचं नाव लीन. मी त्याला नावं ठेवणार नाही. कामातला फापटपसारा काढायचा, कागद कोणाच्या टेबलावर उगाच पडून राहू द्यायचा नाही, आधी नीट शिकायचं आणि मग चित्र काढायचं, जे शिकलो ते एका पानावर लिहून ठेवायचं म्हणजे पुढच्याला पुन्हा डोकं फोडावं लागू नये. यात वाईट काय आहे? माझी ड्रॉइंग सहीसाठी तीन-तीन आठवडे पडून राहायची, ती त्याच दिवशी सुटू लागली. दारूगोळ्याच्या कोठारासारखी भरलेली आमची कपाटं रिकामी झाली. मी घरी येऊन कौतुकाने सांगायचे. आणि खरं सांगायचं तर त्या शास्त्रात एक गोष्ट वारंवार होती, की टेबलाशी बसून ठरवू नका, जिथे काम चालतं तिथे जाऊन डोळ्यांनी बघा. आठल्ये साहेब ते दर आठवड्याला सांगायचे. मे महिना होता आणि गच्ची दोन जिने वर होती. ते एकदाही चढले नाहीत.

मग चिठ्ठ्यांचा दिवस उजाडला. मोठ्या खोलीच्या भिंतीवर खाकी कागद लावला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नवा कूलर डोक्यात आल्यापासून बाजारात जाईपर्यंत जे जे होतं, ते एकेका पिवळ्या चिठ्ठीवर लिहून तिथे चिकटवायचं. मग प्रत्येक चिठ्ठीला एकच प्रश्न: ग्राहक याचे पैसे देईल का? देईल तर हिरवा ठिपका, नाही तर लाल. अक्षर चांगलं म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं.

दौलतसिंहला गच्चीवरून बोलावलं. आठल्यांनी विचारलं, "तुम्ही वर दिवसभर नक्की काय करता?"

दौलतसिंहने महिपतरावांकडे पाहिलं. महिपतराव म्हणाले, "सांग की. आपलेच साहेब आहेत."

त्याने हात जोडले. "काही नाही हुजूर. पाणी भरतो आणि बसून राहतो. आपली कृपा आहे."

आम्ही ग्वाल्हेरची माणसं गालात हसलो. किती झकास बोलला! आता साहेब "छे छे" म्हणणार, मग महिपतराव त्या झटक्याची गोष्ट काढणार, मग दौलतसिंह लाजणार. रीत अशीच आहे. पण आठल्ये म्हणाले, "थँक यू. इतकं प्रामाणिक उत्तर मला पुण्यातसुद्धा कोणी दिलं नाही." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा. बसणे, पन्नास दिवस."

मी लिहिलं. सुरेख अक्षरात लिहिलं.

"ग्राहक याचे पैसे देईल का?" त्यांनी खोलीला विचारलं. पुण्याहून आलेल्या दोन पोरांना हसू आलं. लाल ठिपका लागला. मग ते महिपतरावांना म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?" आणि या शहाण्याने तोंड उघडून म्हटलं, "ठीक आहे साहेब. आमचं खातं तसं आळशीच." म्हणजे पुन्हा तेच! पान पुढे केलं आणि समोरच्याने "नको" म्हणायची वाट बघितली. समोरच्याने डबाच उचलून नेला.

त्या दिवसाची मी त्यांना माफी देते. सवयीने जीभ घसरली, कोणाचीही घसरेल. पण आठ दिवसांनी शेवटची बैठक होती. पुण्याचे डायरेक्टर आले होते. खोलीत आठल्ये, महिपतराव आणि चिठ्ठ्यांचा तो नकाशा समजावून द्यायला मी. दौलतसिंह वर गच्चीवर होता. त्या सकाळी मी कपाटातून त्याची रजिस्टरं काढून महिपतरावांसमोर ठेवली होती. सत्त्याण्णवचं सगळ्यात वर, खूण घालून. "आज बोला," मी म्हटलं होतं. "त्याची आठ वर्षं उरली आहेत नोकरीची. त्याला दुसरं काही येत नाही, आणि हे दुसऱ्या कोणाला येत नाही." ते म्हणाले, "बोलणार. बघाच तुम्ही."

आणि आठल्यांनी अगदी सरळ विचारलं. माणूस लबाड नव्हता, हेच तर दुखणं आहे. ते म्हणाले, "या पन्नास दिवसांच्या जागी पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या चेंबरमधली तीन दिवसांची चाचणी पुरेल, असं माझं मत आहे. तुमचं वेगळं असेल तर आत्ता सांगा. नोंदी असतील तर दाखवा. मी बदलायला तयार आहे."

महिपतरावांनी रजिस्टरावर हात ठेवला. त्यांच्या खिशात आदल्या दिवशी मिळालेलं पत्र होतं, नव्या हुद्द्याचं, दोन्हीकडच्या एकत्र खात्यात सीनियर मॅनेजर. तो हात तसाच राहिला. मग ते हसले, ते त्यांचं खानदानी हसू, आणि म्हणाले, "आपण विचार करूनच ठरवलं असेल, साहेब. आम्ही काय सांगणार?"

बोलणाऱ्याचे हुलगे विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, असं आई म्हणायची. इथे गहूही दुसऱ्याचे होते. स्वतःचं काम सांगायला लाज वाटते, कबूल. दौलतसिंहचं सांगायला कसली लाज? दरबारात वरच्याने खालच्याचं बोलायचं असतं. त्या खोलीत दौलतसिंहच्या वरचे कोण होते, तर हेच. त्याला अदब म्हणायचं की भित्रेपणा, की त्या खिशातल्या पत्राची किंमत, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. आणि मी? मलाही तोंड होतं. उरणाऱ्या सहा जणांत माझं नाव होतं, ते मला कळलेलं होतं. मीही नकाशा गुंडाळला.

दुपारी आम्ही दोघं गच्चीवर गेलो. आठही कूलर चालू होते. दौलतसिंह उठून उभा राहिला. महिपतरावांनी त्याला सांगितलं, की गच्ची बंद होते आहे, व्हीआरएसचा कागद येईल. त्याने पंचाने तोंड पुसलं आणि एवढंच विचारलं, "रावसाहेब, आत तुम्ही बोललात का माझ्यासाठी?"

"बोललो नं," महिपतराव म्हणाले. "खूप बोललो. विचार सुनंदाबाईंना."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो. खूप बोलले."

दौलतसिंहचे डोळे भरून आले. "बस, रावसाहेब. आप बोले, यही बहुत है. नोकरी काय, आज नाही तर उद्या जाणारच होती." आणि त्यानेच महिपतरावांना खुर्ची दिली, पाणी दिलं, त्यांची समजूत काढली.

नवा नमुना वीस महिन्यांऐवजी सहा महिन्यांत बाजारात आला. पेढे वाटले. मला आतून वाटत होतं, हा बोंबलणार. मी चक्क वाट बघत होते. दर मे महिन्यात वर्तमानपत्रात विजेच्या धक्क्याच्या बातम्या शोधायचे, इतकी मी दुष्ट झाले होते. तसं काही झालं नाही. कूलर धडाक्यात खपला. आधीचा सात-आठ उन्हाळे चालायचा, हा दोन उन्हाळ्यांत खाराने बसायचा आणि लोक मुकाट्याने दुसरा घ्यायचे. त्यामुळे खप आणखी वाढला. आठल्ये साहेबांना पुण्यात बढती मिळाली. दौलतसिंहची गच्ची असती तर काय झालं असतं, हे सिद्ध करायला माझ्याकडे आजही काही नाही.

दौलतसिंह नई सडकवर कूलरचे पंप आणि गवत विकणाऱ्या एका दुकानात लागला. उन्हाळ्याचे चार महिने काम, बाकी वेळ घरी. गिऱ्हाईक आलं, की तो हमखास सांगायचा, "आमचे महिपतराव माझ्यासाठी पुण्याच्या साहेबांशी भिडले होते." हे ऐकून आलेले लोक महिपतरावांना रस्त्यात नमस्कार करू लागले. दर दसऱ्याला तो सोनं द्यायला छावनीत यायचा, बायको, मुलं, सुना, पुढे नातवंडंसुद्धा घेऊन. प्रत्येकाला महिपतरावांच्या पायांवर घालायचा आणि म्हणायचा, "यांनी माझ्यासाठी आपली नोकरी पणाला लावली. पूछो ताई से, वो वहीं थीं." मी मान हलवायचे. महिपतराव पाय मागे घ्यायचे. लोकांना तो विनय वाटायचा.

तिसऱ्या वर्षापासून ते दसऱ्याला घरी थांबेनासे झाले. कधी पोट बिघडायचं, कधी देवदर्शन निघायचं. दौलतसिंह मग तास तास थांबून राहायचा आणि विजयाबाई त्याला चहावर चहा देत राहायच्या. एकदा महिपतराव मला म्हणाले, "सुनंदाबाई, त्याला सांगून टाकू या का खरं?" मी म्हटलं, "सांगा की." ते म्हणाले, "तुम्ही सांगाल?" मी नाही म्हटलं. ते रिटायर झाले, पाठीत वाकले, बोलणं आणखी कमी झालं. माझं-त्यांचंही मग बोलणं असं राहिलं नाही. भेटलो, की दोघांनाही तीच गच्ची आठवायची.

गेल्या मार्चमध्ये ते गेले. तेराव्यानंतर छावनीतल्या समाजाच्या हॉलमध्ये शोकसभा होती. दौलतसिंह पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत. लोक येऊन येऊन म्हणत होते, कधी स्वतःविषयी बोलले नाहीत, किती मोठा माणूस. मग दौलतसिंह उठून माझ्याजवळ आला. "ताई, तुम्ही सांगा नं. त्या दिवशी आत ते काय बोलले, ते पूर्ण मी कधी ऐकलंच नाही. मुलंही आली आहेत. आज सांगा."

विजयाबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. मी उठले.

आणि मी बोलले. काय बोलले म्हणून सांगू! म्हटलं, महिपतरावांनी रजिस्टर उघडलं आणि साहेबांसमोर सरकवलं. म्हणाले, साहेब, हा माणूस बसत नाही, हा बघतो. खार चाळीस दिवसांनी चढतो, तो तीन दिवसांत चढवून दाखवा. म्हणाले, तुमच्या चेंबरमध्ये कूलर विटांवर कललेला नसतो, लोकांच्या घरी असतो. तुमच्याच शास्त्रात लिहिलंय, जाऊन बघा, तर चला वर, दोन जिने आहेत. म्हणाले, याच्या हाताला बसलेला झटका कुठल्या तरी लेकराला बसायचा होता, त्याचे पैसे ग्राहक देईल का, ते विचारा ग्राहकाला. म्हणाले, आमच्याकडे स्वतःचं सांगत नाहीत, म्हणून याचं मी सांगतो आहे. आणि खिशातलं पत्र काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. एकेक वाक्य माझ्याकडे तयार होतं. अकरा वर्षं मी ते रोज घोकत होते. दौलतसिंहची नातवंडंसुद्धा तोंडं उघडी टाकून ऐकत होती.

सभा संपल्यावर तो माझ्याबरोबर फाटकापर्यंत आला. बराच वेळ रडला होता, पण आता त्याच्या कपाळाला आठी होती. हिशेब कुठे जुळत नाही असं वाटून माणूस थांबतो, तसा थांबला.

"ताई," तो म्हणाला, "इतकं चांगलं बोलले, तरी नाही ऐकलं त्यांनी?"

"नाही," मी म्हटलं, आणि रिक्षाला हात केला.